क्लावाची अमानत

अनारकानने उभ्या आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती, आणि त्याचा तिला थोडा अभिमानच होता. किरगिझ माणसाचं धन चार जातींचं: घोडा, उंट, गाय आणि मेंढी. बकरी मेंढीच्या ओळीत दाटीवाटीने बसते. कोंबडी कुठेच बसत नाही. अनारकानची आई म्हणायची, उन्हाळ्यात जे आपल्या पायांनी डोंगर चढत नाही, ते जनावर कसलं? त्याला कशाला खायला घालायचं? अनारकान स्वतः लग्नानंतर पस्तीस उन्हाळे कळपामागून डोंगर चढली. वरच्या कुरणात, नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल घरात तिने चार पोरं वाढवली, घोडीचं दूध घुसळलं, आणि नवऱ्याच्या गुडघ्यांनी राम म्हटला तेव्हा खाली गावात येऊन राहिली. आता तिच्याकडे सहा मेंढ्या होत्या, एक गाय होती आणि नवरा होता.

अशा बाईच्या गळ्यात ऑक्टोबरातल्या एका सकाळी नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा पडला.

तो सगळा लवाजमा शेजारच्या क्लावदियाचा. गावात उरलेली ती एकटीच रशियन म्हातारी. तिचे सगेसोयरे कधीच निघून गेले, ती राहिली. वयाने अनारकानपेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून अनारकान तिला एजे म्हणायची, म्हणजे ताई. क्लावाच्या खुब्याचं हाड झिजलं होतं. ऑपरेशनसाठी ती राजधानीला, बिश्केकला, पुतणीकडे चालली होती, ती थेट नौरुझच्या सणाला, म्हणजे मार्चमध्ये परतणार होती.

"सगळे म्हणतात, कापून खा," क्लावा काठीवर रेलून म्हणाली. "पुतणीसुद्धा तेच म्हणते. पण एकट्या बाईला सकाळी कुणीतरी हाक मारणारं लागतं गं. मला हा जनरल मारतो."

जनरल म्हणजे कोंबडा. लालभडक तुरा, छाती पुढे, आणि चालण्यात असा रुबाब की जणू गाव त्यानेच वसवलं.

"आणा इकडे," अनारकान म्हणाली. "अमानत म्हणून ठेवते. दहा देताय, दहा मोजून घ्या."

हे बोलताना तिने फार विचार केला नव्हता. पण अमानत हा शब्द एकदा तोंडातून गेला की गिळता येत नाही. दुसऱ्याची ठेव आपल्या पोरापेक्षा जास्त जपायची, ही इथली रीत.

"एकच सांगते," क्लावा म्हणाली, "थंडी आहे म्हणून खुराड्यात डांबू नकोस त्यांना. बर्फ पडणार नाही असं थोडं अंगण दे. पाय मोकळे झाले की त्या हिवाळा काढतात."

अनारकानचा नवरा ओरोझबेक हे सगळं ओट्यावरून ऐकत होता. त्याने जन्मभर सरकारी मेंढ्या राखल्या होत्या. त्या काळी कळपातली मेंढी मेली तर मेंढपाळाला तिचं कातडं नेऊन दाखवावं लागे, नाहीतर मेंढी त्याने खाल्ली असं धरत.

"म्हातारे," क्लावा गेल्यावर तो म्हणाला, "कोंबडी मेली तर दाखवणार काय? एकेक पीस मोजून देणार?"

"मरणार नाहीत," अनारकान म्हणाली.

पण अंगण करायचं कशाचं? लाकूड नव्हतं, जाळी नव्हती. अनारकान दोन दिवस घराभोवती फिरली आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यामागच्या खोलीत शिरली. तिथे त्यांचं जुनं नमद्याचं घर गुंडाळून ठेवलं होतं. भिंतीच्या लाकडी जाळ्या, छताच्या वाकड्या काठ्या, आणि उंदरांनी कोपरे कुरतडलेले नमदे. छताच्या मधोमध बसणारं मोठं लाकडी कडं, तुंडुक, तेवढं वेगळं खिळ्याला टांगलेलं होतं. ते बापाकडून धाकट्या मुलाकडे येतं. ओरोझबेककडे तसंच आलं होतं.

"अहो, भिंतीची एक जाळी घेते," ती म्हणाली.

"माझ्या बापाचं घर कोंबड्यांना?"

"उंदरांना दिलंतच की. कोंबड्या निदान कुरतडत तरी नाहीत."

ओरोझबेक तंबाखूची डबी शोधायला उठला. जाताना म्हणाला, "तुंडुकला हात लावायचा नाही."

तिने लावला नाही. घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकवून तिने जाळी अर्धगोल उभी केली. जाळीपासून भिंतीपर्यंत तिरक्या काठ्या टाकल्या. उन्हाच्या बाजूला प्लास्टिकचा कागद, बाकी सगळीकडे नमदे. आत गुडघाभर पेंढा, आणि कोपऱ्यात झोपायला फळ्यांचं खुराडं. ओरोझबेक लांबून बघत होता. तिसऱ्यांदा तिची गाठ सुटली तेव्हा उठला आणि दोरी स्वतः आवळून दिली.

डिसेंबर उजाडला आणि पारा उणे अठ्ठावीसवर गेला. अनारकानचा जीव वरखाली व्हायला लागला. एवढुशा पायांचा जीव, ना लोकर ना चरबी. तिला थंडीशी लढायची एकच रीत माहीत होती, ती म्हणजे झाकणं. तिने जाळीच्या फटींत लोकर कोंबली. खालची कड ओल्या शेणाने लिंपली. छतावर दुसरा नमदा टाकला, मग तिसरा. शेवटी आत जायला एक दार तेवढं राहिलं, त्यावरही तिने जुनी रजई टांगली.

"आता मुंगी शिरणार नाही आत," ती समाधानाने म्हणाली.

मुंगी शिरली नाही हे खरं. पण चारच दिवसांत प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाणी ओघळायला लागलं. सकाळी त्याचाच बर्फ झालेला असे. पेंढा हाताला ओला लागे. जनरलच्या तुऱ्याची टोकं आधी राखाडी झाली, मग काळी. दोन कोंबड्या शिंकत होत्या, आणि माशा नावाची करड्या रंगाची कोंबडी पाठीची कमान करून कोपऱ्यात बसली ती दाण्यालाही उठेना. जनरल आरवेनासा झाला.

"हे एक बरं झालं," ओरोझबेक म्हणाला. "पहाटेची झोप तरी लागते."

माशाला तिने शालीत गुंडाळून चुलीपाशी आणलं, कोमट पाण्यात भिजवलेला पाव चारला, आणि छतावर चौथा नमदा टाकला. अति तिथे माती म्हणतात, पण घाबरलेल्या माणसाला अति कुठे सुरू होतं ते दिसत नाही.

त्यातून दर रविवारी सकाळी क्लावाचा फोन. मोबाइलला रेंज फक्त अंगणात, दक्षिणेच्या भिंतीपाशी. म्हणजे कोंबड्यांना पाठ करून उभं राहायचं आणि कोंबड्यांबद्दल बोलायचं.

"कशा आहेत गं माझ्या?" क्लावा विचारायची.

"मजेत," अनारकान सांगायची. "खातात, पितात, भांडतात."

"आणि जनरल?"

"त्याला काय धाड भरलीय? तुमच्या ऑपरेशनचं काय झालं?"

"तारीख लांबलीय," क्लावा म्हणायची, आणि मग थोडा वेळ काहीच बोलायची नाही. अनारकानला वाटायचं, रेंज गेली.

असे तीन रविवार गेले. तीन वेळा अनारकान खोटं बोलली. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिलाही कळत होतं. तांबडं नौरुझला फुटणार होतं. दहा म्हणून घेतलेल्या किती परत द्यायच्या, हा विचार भाकरी थापताना, गाय पिळताना तिच्या मनात ठाण मांडून बसलेला असे. पस्तीस वर्षांत तिने लांडग्यांच्या तोंडून कोकरं ओढून आणली होती, आणि आता दहा कोंबड्यांपुढे हात टेकले होते. एका दुपारी मेंढ्यांना चारा टाकताना ती चक्क रडली. मेंढ्यांनी चारा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कंबर धरली होती, म्हणून दाणे टाकायला ओरोझबेक गेला. कुरकुरत गेला. रजई बाजूला करून त्याने डोकं आत घातलं आणि तेवढ्याच घाईने बाहेर काढलं. चष्म्यावर धुकं, डोळ्यांत पाणी.

"म्हातारे!" तो म्हणाला. "इकडे ये."

ती कंबर धरून आली. तिला वाटलं, एखादी गेली.

"डोकं घाल आत. श्वास घे."

तिने श्वास घेतला. विष्ठेच्या वाफेने नाक झोंबलं.

"आता सांग," ओरोझबेक चष्मा पुसत म्हणाला, "लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्या आईने पहाटे उठून तुला पहिलं काम कोणतं सांगितलं?"

अनारकान त्याच्याकडे बघतच राहिली. पहिलं काम दोरी ओढायचं. तुंडुकावरचा नमदा सरकवून छत उघडायचं. बाहेर वादळ असो, बर्फ असो, उजाडलं की घराच्या माथ्यावर आकाश दिसलंच पाहिजे. रात्रीची ओल, धूर, माणसांचे श्वास सगळं वर निघून जातं आणि मगच घर उबदार राहतं. जिच्या घराचं छत उशिरा उघडे, त्या सुनेला सगळं कुरण नावं ठेवी. अनारकानला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. पस्तीस उन्हाळ्यांत तिने एकही पहाट चुकवली नव्हती, आणि त्याच जाळीचं, त्याच काठ्यांचं, त्याच नमद्यांचं घर उभारताना माथा मात्र बुजवून टाकला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पक्क्या घरात चुलीपाशी राहून विसरले," ती हळू म्हणाली. "सहा वर्षं झाली दोरी ओढून."

"आणि बंद डब्यात ठेवलंस दहा जणांना." पण तो हसत होता. तिला चुकलेलं बघायची संधी त्याला वर्षानुवर्षं मिळाली नव्हती.

त्या दिवशी त्याने जेवणसुद्धा अंगणातच घेतलं. जुन्या चाळणीचं गोल लाकडी कडं त्याने शोधून काढलं, त्यात विलो झाडाच्या सहा बारीक फांद्या वाकवून आडव्याउभ्या बसवल्या, जशा खऱ्या तुंडुकात असतात तशा, आणि कातडी वादीने बांधल्या. मग छतावरचे तीन नमदे काढून टाकले, उरलेल्याला माथ्यावर भोक पाडलं आणि ते कडं तिथे बसवलं. वरून नमद्याचा चौकोनी तुकडा, त्याला दोरी. दोरी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणून सोडली.

"कोंबड्यांना थंडी वाजेल," अनारकान म्हणाली. एवढं कळूनही तिच्या तोंडून तेच आलं.

"तुला वाजली का कधी?"

तिने ओला पेंढा सगळा उपसला, कोरडा घातला, तुऱ्यांना मेंढीची चरबी चोळली. दुसऱ्या दिवशी उजाडताच खिडकीतून हात बाहेर काढून दोरी ओढली. माथा उघडला आणि आतली वाफ चहाच्या किटलीसारखी वर निघाली. पाठोपाठ उन्हाचा एक गोल तुकडा पेंढ्यावर पडला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक कोरडं झालं. तिसऱ्या दिवशी शिंका थांबल्या. चौथ्या दिवशी अनारकानने चुलीपाशी बसून बसून सुस्तावलेल्या माशाला नेऊन त्या उन्हाच्या तुकड्यात ठेवलं. माशा क्षणभर तशीच बसली. मग तिने एक पाय ताणला, दुसरा ताणला, आणि पेंढा असा काही उकरायला लागली की तिचं काहीतरी हरवलंय. अनारकानचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच उलट्या बादलीवर बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. घरात सूप उतू गेलं, तरी ओरोझबेकने हाक मारली नाही.

त्या रविवारी क्लावाचा फोन आला. अनारकानने "मजेत" म्हणून सांगितलं, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं. पलीकडे नेहमीसारखी शांतता पसरली. तेवढ्यात मागून जनरल आरवला. आवाज बसका होता, शेवटी फाटलाही, पण आरवला.

"बरं, ठेवते," क्लावा एकदम म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नौरुझच्या आदल्या दिवशी क्लावा आली. काठी होती हातात, पण पाय सरळ पडत होता. अनारकानने बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते, ते तसेच ठेवून आधी तिला अंगणात नेलं. नऊ कोंबड्या, एक कोंबडा. क्लावाने बोटाने मोजले आणि जनरलला काखेत घेतलं. त्याच्या तुऱ्याची टोकं झडली होती.

"एजे, अमानत पुरी नाही," अनारकान म्हणाली. सकाळपासून तिने हे वाक्य घोकलं होतं. "तुरा गेला त्याचा. मरता मरता वाचले सगळे, माझ्याच मूर्खपणाने. आणि मी तीन रविवार तुमच्याशी खोटं बोलले."

"माहितीये," क्लावा म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू काय बोलायचीस ते मी ऐकतच नव्हते गं. मी थांबायचे ती याच्यासाठी." तिने जनरलच्या मानेवर हात फिरवला. "तीन रविवार आरवला नाही. डॉक्टर विचारत होते, तारीख कधीची धरू? मी म्हटलं, थांबा जरा. परत जाऊन उठवणारंच कुणी नसेल, तर नवं हाड घेऊन उभं राहू कशासाठी? चौथ्या रविवारी हा बोंबलला. सोमवारी मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली."

अनारकानने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि कोंबड्यांकडे बघत राहिली.

ओरोझबेक छतावरचं चाळणीचं कडं सोडवायला लागला होता.

"काय करताय?" क्लावाने विचारलं.

"तुमच्या खुराड्यावर बसवतो," तो म्हणाला. "तुंडुक मागे ठेवत नाहीत. ज्याचं घर, त्याच्याबरोबर जातं."