मागची भिंत

“काय म्हणी राह्यनी रे पोर? माले काही समजी नही राह्यनं!”

पहिल्या रांगेतून अक्का ओरडत होत्या. मंचावर त्यांची नात नवऱ्यामुलाशेजारी उभी राहून लग्नाची प्रतिज्ञा म्हणत होती, आणि आमच्या कॉलनीचं सभागृह एकेक शब्द असा परत फेकत होतं की पहिला शब्द भुसावळला जाऊन आला तरी दुसरा दारातच उभा. अक्कांचे कान म्हणाल तर ठणठणीत. शेजारच्या घरात झाकण पडलं तर कोणत्या भांड्याचं, ते त्या सांगायच्या.

साऊंड माझा. मी मंडप-साऊंडवाला, आवाज कळेना म्हटलं की बटण वाढवायचं, एवढंच शास्त्र मला येतं. मी वाढवलं. खिडकीवरची कबुतरंसुद्धा उठून गेली.

नवरीचे वडील, म्हणजे अक्कांचा मुलगा, धावत माझ्याकडे आले. “वाढवू नका भाऊ, कमी करा. आवाज कमी नाही, भिंती जास्त बोलतात.”

आणि मान खाली. कारण त्या भिंती त्यांनीच बांधलेल्या.

तुम्ही त्यांना पाहिलं असेलच. अख्ख्या जळगावात टाळी वाजवणारा इंजिनिअर एकच. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी, मग डोळे मिटून कान द्यायचा, मग निकाल: “ही खोली शहाणी आहे,” नाही तर “ही फार बोलते.” सराफाच्या पेढीत टाळी वाजवली तेव्हा पेढीवाल्याने घाबरून शटर पाडलं. मुलगी बघायला गेले तिथेही वाजवली. होणारे सासरे समजले, पसंती आली, पेढे आणा. हे मी थोडं फुगवून सांगतोय, पण तुम्हीही त्यांच्यासोबत बँकेत उभे राहिला असतात तर तुम्हालाही फुगवावंसं वाटलं असतं. साहेब आता नाशिकला लेकीकडे असतात. सभागृहात साऊंड अजून माझाच लागतो, मोठ्या स्पीकरांचा.

तर सभागृह बांधताना साहेबांनी मागच्या आणि बाजूच्या भिंतींना लाकडी चौकटी मारल्या, आत जिनिंगमधला टाकाऊ कापूस भरला आणि वर सुती कापड ताणलं. लोक हसले. “साहेब, सभागृह बांधताय का गादी?”

ते चिडायचे नाहीत. “आवाज लांबून दमून येतो, त्याला टेकायला मऊ जागा द्या. कडक भिंतीवर आदळला तर परत येतो आणि पुढच्या शब्दाच्या मांडीवर बसतो.”

उद्घाटनाला बुद्धवंदना झाली. मग एक वयस्कर गृहस्थ माइक न घेताच बोलले, आणि शेवटच्या रांगेत आम्हाला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. अशी सभागृहं गावोगाव झाली तर मी काय, स्पीकर विकून यावलला केळीचे घड उचलायचे?

घाबरायचं कारण नव्हतं. पुढे साहेबांचे वडील गेले. त्यांच्या नावाने साहेबांनी देणगी दिली आणि मागच्या भिंतीवर, कापसाच्या चौकटीवरच, काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली. सोनेरी अक्षरं, वर ‘कालकथित’. पाटीसमोर उभं राहून टाळी वाजवली, ऐकलं. “एका पाटीने काही होत नाही, भाऊ.”

खरंच काही झालं नाही. पण त्या पाटीखाली बसून स्वतःचा बाप कोणाला आठवणार नाही? दुसरी लागली, तिसरी लागली, मग चढाओढच. मी माझ्या आजोबांची अशी दणदणीत करून आणली की टेम्पोची पुढची चाकं हवेत. एकाने तर बाप हयात असतानाच लावली. बाप रोज संध्याकाळी येऊन ती फडक्याने पुसायचा. मागची भिंत भरली, मग बाजूच्या. कापूस बोटभर दिसेना. साहेबांना बोलता येईना, कारण पहिली पाटी त्यांची. मी चिडवायचो, “साहेब, होऊन जाऊ द्या एक टाळी!” ते हात खिशात घालायचे.

लग्नानंतरच्या रविवारी मात्र ते कॉलनीच्या सभेत उभे राहिले. “पाट्या काढाव्या लागतील. सगळी नावं एकत्र बाहेरच्या व्हरांड्यात लावू.”

“बापाचं नाव व्हरांड्यात? चपलांजवळ?”

“काढायच्या तर बठ्ठास्न्या काढा, सगळ्यांच्या! एकाचीही राहिली तर बघा!”

“आणि साहेब, सुरुवात कोणी केली?”

हा प्रश्न सभागृहाने चारही भिंतींकडून पुन्हा विचारला. साहेबांचे कान लाल झाले. “मीच केली,” ते म्हणाले. “पहिली माझीच काढतो.”

स्टूल मी धरलं. पेचकसही माझाच. स्क्रू धरून बसले होते, साहेबांनी एकेक पिळून काढला. पाटी निघाली तेव्हा मागे कापडाचा चौकोन निघाला, कोरा, पांढरा. आता पुढची कोणाची, म्हणून साहेब स्टुलावरूनच सभेकडे वळले. एकाला बाहेर फोन आला. एकजण मोबाइल चोळू लागला. बाकीचे पंखा बघत होते. माझ्या आजोबांची पाटी माझ्या खांद्याला लागत होती. मी पेचकस पुसला आणि खिशात ठेवला.

पाटी चादरीत गुंडाळून टेम्पोत घातली. मी टेम्पो काढला. घर जवळ आलं तसे साहेब म्हणाले, “आईला तुम्ही सांगा, भाऊ. मला जमणार नाही.”

अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी चादर उघडली. नवऱ्याच्या नावावरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

“अक्का, ते जरा पॉलिशला...” मी थाप सुरू केली आणि अर्ध्यात सोडली. “काढून आणली. पाट्यांमुळे सभागृह घुमतं. लग्नात पोरीचं बोलणं तुम्हाला कळलं नाही, ते त्यामुळेच.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. टेम्पोच्या आडोशाला उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, “बठ्ठास्न्या काढ्यात, का आपलीच?”

“आपलीच,” साहेब म्हणाले.