चौथ्या ओळीचे थेंब

सकाळी ओसरीत बसून आम्ही दोघांनी डाग मोजले. मिळून केलेलं ते शेवटचं काम. फवारताना झाडाला टांगलेल्या पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. पाण्याचा थेंब पडला की तिथं निळा डाग उठतो. बायको भिंगातून पाहून "लहान... लहान... मोठा" म्हणायची, मी वहीत रेघ ओढायचो. मी दुसरी शिकलेला, पण रेघ ओढायला काय लागते?

काम लेकीचं. अमरावतीच्या कॉलेजात ती कम्प्युटरवर थेंबांच्या टकरी लावते. संत्र्याच्या झाडावर दोन्ही अंगांनी फवारलं की मधात दोन फवारे एकमेकांवर येतात. थेंब केवढा, किती जोरात निघाला, हे आकड्यांत भरायचं. मग कम्प्युटर तसूतसूनं त्यांना पुढं सरकवतो. आपला एक सेकंद, त्याचा अख्खा दिवस.

"मंग आमचा पंप बरा," बायको तिला फोनवर म्हणाली होती. "दोन मिनिटांत झाड ओलं करते."

लेकीनं कम्प्युटरात नियम घातला होता, दोन थेंब टेकले की त्यांचा एक होणार. म्हणजे झाडाच्या मधात मोठे डाग जास्त पडायला पाहिजेत. आमच्या मोर्शीच्या बागेत तर बारीकच जास्त निघत होते.

"सारेच नाही मिळत, बाई," बायको म्हणाली. "काही एकमेकाले धक्का देऊन आपल्या वाटेनं जाते. मी जन्मभर फवाऱ्याची गन धरून पाहून राहिली."

"माय, नुसतं पाहून कोणी मानत नाही. झाडांच्या चार ओळींचं मोजमाप दे, मग नियम बदलू."

दर ओळीला पंपाचा जोर वेगळा ठेवायचा होता. चौथीला सगळ्यात जास्त, खरं काय ते तिथंच कळणार होतं.

तिसऱ्या ओळीचं मोजणं झालं त्याच दुपारी बायको मला वाढता वाढता खाली बसली. मोर्शीच्या दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली. लेक अमरावतीहून पोचली, संध्याकाळी अग्नी दिला. रडलो, लपवत नाही.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, जुनाच नियम ठेवून कॉलेजात काम देऊन टाकू. या महिन्यात द्यायचंच आहे. चौथी ओळ आता कोण करते?"

"म्हंजे तुह्या मायचं मोजणं फुकट गेलं?"

"तीन ओळींवर नाही मानत, बाबा."

"मंग चौथी करू. उद्या."

अकोल्याच्या जुन्या शहरातून माझी थोरली बहीण आली होती. ती कडाडली, "अरे, चिता निवली नाही अजून अन् तुले फवारणी सुचून राहिली? लोक काय म्हनतीन?"

"साधं पानी हाये, बाई. अन् लोकाईले म्हना, एक गन धराले या. एक माणूस कमी हाये."

ती उठून आत गेली. मी उद्याच्या चिठ्ठ्या मोजून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळेपर्यंत थांबलो. ओल्या पानाला लावली की चिठ्ठी वाया जाते. हात धोतराला कोरडे पुसून चौथ्या ओळीत चिमट्यांनी चिठ्ठ्या टांगल्या. पंपाचा जोर चढवला. समोरच्या अंगाला लेक उभी राहिली. इतकी वर्षं थेंबांचा अभ्यास, पण गन हातात धरलेली नाही. पेनासारखी धरली तिनं.

"मनगट हालव, खांदा नको," मी ओरडलो. "अन् डोळे पूस आधी. झाड दिसलं पाह्यजे."

ओळ झाली. चिठ्ठ्या वाळल्यावर काढून तिच्या हातात दिल्या. ती तिथंच बांधावर बसून भिंग लावून पाहू लागली. मी पाहिलं नाही. काय निघणार ते मला माहीत होतं, बायको अशा गोष्टीत चुकत नसे.

पंप बंद केला आणि पाइप गुंडाळायला घेतला. तो नेहमी बायको गुंडाळायची. कुठून धरायचा तेच कळेना. दोनदा पीळ पडला, दोनदा सोडला. तिसऱ्यांदा जमला.