लंगडी तोफ

आयुष्यभर कवळ्या बनवणाऱ्या माणसाला गल्लीत बत्तिशीकाका म्हणावं, यात नवल नाही. नवल एवढंच, की लोकांचे दात घडवणाऱ्या या हातांनी पहिली कानस चालवली ती जहाजावर.

वडिलांनी घरी जोडायचं छोटं जहाज आणलं होतं. त्याच्या खोक्यात लाकडाच्या पट्ट्या, दोऱ्याची गुंडी आणि पांढऱ्या धातूच्या दहा इवल्या तोफा होत्या. धातू इतका मऊ, की नखानं ओरखडा उठे. प्रत्येक तोफेवर साच्याची बारीक शीर. ती हलक्या हातानं घासून काढायची. काका तेरा वर्षांचे, धाकटी बहीण आठची. तिनं हट्टानं एक तोफ घेतली आणि शिरेबरोबर तिची एक बाजूही घासून टाकली. तोफ एका अंगाला कलली, जन्माची लंगडी झाली. वर बाईसाहेबांचं फर्मान, "हिला रंग नाही लावायचा. चकाकू दे." बाकीच्या नऊ काळ्या झाल्या.

पुढे लग्न होऊन ती लांब गेली. माहेरी आली की भावाची तब्येत मागाहून, आधी प्रश्न, "माझी लंगडी कशी आहे?"

यंदा ती सहा वर्षांनी येणार होती. काकांनी पुसायला म्हणून जहाजाची काचेची पेटी उघडली, तर लंगडीच्या जागी चिमूटभर पांढरी भुकटी. तिच्या मागच्या खेपेनंतर, धूळ नको म्हणून पेटी त्यांनीच घट्ट बंद केली होती. लाकडातून सुटणाऱ्या, आत कोंडलेल्या आंबट वाफेनं बिनरंगाचा उघडा धातू खाल्ला. रंगवलेल्या नऊ ठणठणीत.

तिच्या हातची घरात ती एकच वस्तू होती. आता तिला सांगायचं काय?

काकांनी शेजारच्या तोफेचा साचा घेऊन नवी ओतली. इथवर रोजचं काम. मग ती बिघडवायला बसले, पण हात ऐकेना. कशीही घासली तरी डौलच येई. चार तोफा झाल्या, चारही देखण्या.

बहीण आली. तिनं विचारायच्या आत काकांनी सगळं कबूल केलं आणि तोफा पुढे मांडल्या.

"शी! दादा, तुला साधी एक तोफ बिघडवता येत नाही?"

"नाही येत, चिमे."

"सरक."

तिनं कानस खुरप्यासारखी मुठीत धरली, जीभ दातांत धरली आणि घासायला लागली. साठ वर्षांत त्या हाताला काडीचं वळण लागलेलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांदेखत तोफ पुन्हा तशीच लंगडी होत गेली.

"अजून थोडी?"

"पुरे, पुरे," काका घाईनं म्हणाले. "बिघडवशील."