डोळे मिटण्याची परवानगी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम सुरू झालं की दारं लावून घेत. वाऱ्याने भुकटी उडते म्हणून खिडक्यांनाही गोणपाट ठोकलेलं. आत आम्ही बायका रांगेने चाळणी घेऊन बसायचो, नाकातोंडावर पदर बांधून. दाराला बाहेरून कडी असे, आणि सुट्टी होईपर्यंत ती निघत नसे.

मी नगरकडची. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, मग आई गेली आणि शाळा सुटली. लग्न होऊन इकडे आले, तर वर्षभरात धनी लढाईवर गेले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. हे काम गेलं तर दोघी उपाशी, हे मला झोपेतही ठाऊक असे.

पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. मी भाकरी सोडली, हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घातली. लहानपणापासून त्याशिवाय घास तोंडात घातला नव्हता.

"अगं, लागली गं हिला! गूळ द्या, गूळ!" शेजारची आक्का ओरडली.

नवख्या बाईला तंबाखू लागते, घेरी येते, ती अशीच मान टाकते. वखारीत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. मी आमेन म्हणायच्या आत तोंडात गुळाचा खडा आणि डोक्यावर तांब्याभर पाणी. खरं कळल्यावर सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. मुकादम मात्र हसला नाही.

"लागत आसंल तर उद्यापास्नं येऊ नगंस. आत काय झालं तर माझ्या गळ्यात."

"तसं नाही हो. मी देवाचं नाव घेत होते."

"ते घरात घ्यायचं. हितं डोळं उघडं पायजेत."

तेव्हापासून मी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करू लागले. म्हणजे करायला बघायची. डोळे उघडे असले की समोरचा ढीग दिसायचा, मुकादमाच्या वहाणा दिसायच्या. 'हे प्रभू' म्हणेपर्यंत मन चाळणीतल्या काड्यांवर, तिथून धन्यांच्या न आलेल्या पत्रावर. शाळेतल्या बाई प्रार्थनेत डोळे उघडणारीला उभं करत. आता मला उभं करणारंही कोणी नव्हतं. रविवारी वखार चालू, सुट्टी गुरुवारी, बाजारच्या दिवशी. उपासनेला जायचं तरी कधी?

"काय पुटपुटतीस गं?" आक्का विचारायची. "मंतर टाकतीस व्हय माझ्यावर?"

"प्रार्थना करते, आक्का. पण डोळे न मिटता जमत नाही."

"का? तुमचा देव लई लाजरा हाय व्हय?"

मी हसायची. या बाईनेच मला चाळणी धरायला शिकवलं होतं, घरून माझ्यासाठी झुणका आणला होता. तिच्यावर रागावता येत नसे.

मग एक दिवस अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, आज मी प्रार्थना केलीच नाही. विसरले होते. मन भरकटलं नव्हतं, सरळ विसरलं होतं. हातातला घास हातातच राहिला. बंद दारं, गोणपाट, ही रांग, सगळं एकदम अंगावर आलं. घर सुटलं होतं, शाळा सुटली होती, आता हेही सुटणार, आणि मला कळणारसुद्धा नाही.

मी उठून मुकादमासमोर गेले.

"मला तंबाखू लागत नाही. जेवणाआधी जरासे डोळे मिटते. तेवढं मिटू द्या."

"आन खरंच लागली तर? मला कसं कळायचं, देवाकडं गेलीस का घेरी आली?"

मागून आक्का म्हणाली, "मी बघतो हिच्याकडं. हिच्या गुडघ्यावर हात ठिवून बसतो. कलंडली तर मला कळंल न्हवं?"

मुकादमाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मीट बाई. पर लवकर उघड."

दुसऱ्या दिवशी भाकरी पुढ्यात घेऊन मी डोळे मिटले. आक्काचा तंबाखूने काळा झालेला हात माझ्या गुडघ्यावर आला. मन पळेल म्हणून मी वाट बघत राहिले. पण त्या हाताचं वजन होतं. त्याच्यासाठी आभार मानले, मग त्या हाताच्या बाईसाठी मागितलं, तिच्या खोकल्यासाठी, मग रांगेतल्या एकेकीसाठी. धन्यांपर्यंत पोहोचले तेव्हा कुठे मला कळलं की मन अजून तिथेच आहे.

पुढे पुष्कळ वर्षं मी तिथेच होते. दारं तशीच लागत, रविवार तसाच जाई. काही दिवस फक्त 'प्रभू' एवढंच निघे आणि पुढे काही सुचत नसे. तरी डोळे मिटत, हात येई, आणि प्रार्थना थोडी लांबली की कानाशी आवाज येई,

"अजून झालं न्हाय व्हय गं? भाकरी वाळली की!"