बसून शिकवायचा फळा

लुपे म्हणजे आमच्या भाषेत कबूतर. माझ्या धाकट्या भावाला नात झाली तेव्हा हे नाव मीच सुचवलं, आणि भाऊ अजून मला त्याबद्दल बोल लावतो. म्हणतो, "तू नाव ठेवलंस आणि पोर तशीच निघाली." खरंच, जवळ कुणी टाळी वाजवली तरी ही भुर्रकन उडायची. पण हातात कोळसा दिला की तासन्‌तास एका जागी. एकदा तिनं चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर पाद्रीबाबांची डुकरीण काढली, पिल्लांसकट. पाद्रीबाबा रागारागानं आले, भिंतीपुढं उभे राहिले, पिल्लं मोजली आणि म्हणाले, "एक राहिलंय." तिनं पुढं होऊन तेही काढलं. त्या भिंतीला चुना लावायला पाद्रीबाबांनी पुढं वर्षभर टाळाटाळ केली.

अशी पोर चित्रकलेची शिक्षिका व्हायला निघाली यात नवल नव्हतं. आमच्या सावाई बेटावरून बोटीत बसून राजधानीला, आपियाला गेली, कॉलेजात शिकू लागली. रंगांत पहिली, मातीकामात पहिली. अडलं ते एकाच ठिकाणी. हल्ली मास्तरांना यंत्रंही चालवता यावी लागतात. माझ्या वेळी गावच्या शाळेत यंत्रं दोनच, घंटा आणि छडी. दोन्ही तेव्हाचे पाद्रीबाबाच चालवत, आणि दोन्हींना वीज लागत नसे.

आपियातल्या एका शाळेत तिचा परीक्षेचा तास होता. भिंतीवर स्मार्ट बोर्ड. असा फळा रोज सकाळी जागेवर आणावा लागतो म्हणे. चार कोपऱ्यांतल्या चार खुणांवर पेन टेकवायचं, मग फळ्याला पेन कुठं आहे ते कळतं. लुपे ते विसरली. नीरफणसाचं पान काढायला गेली तर पेन एकीकडं आणि रेघ चांगली वीतभर पलीकडं. तिनं पेन हलवलं, रेघ आणखी पळाली. पोरं बाकांवर उभी राहून ओरडायला लागली, "मॅडम, पान उडालं, पान उडालं!" आणि पानाबरोबर मॅडमही उडाल्या. थेट मासळीबाजारात जाऊन बसल्या. तास नापास.

कॉलेजनं आणखी एक संधी दिली, शेवटची. आपल्या गावच्या शाळेत महिनाभर शिकवायचं, मग इओआना मॅडम येऊन एक तास बघणार. त्यातही नापास झाली तर कॉलेजातली जागा गेली, शिक्षिका होणं संपलं. गावी आली त्या दिवशी लुपेनं हे सगळं मला सांगितलं आणि म्हणाली, "आजोबा, मला एक विद्यार्थी पाहिजे. जो हसणार नाही."

"मग मी कसा चालेन? मी तर हसतोच."

"तुम्ही हसता, पण तुम्हाला दात नाहीत. तेवढं लागत नाही."

आमच्या शाळेतही तसाच फळा होता. कुठल्याशा परदेशी संस्थेनं दिलेला, आणि शहरातल्या माणसांनी पुस्तकात बघून, फुटपट्टी लावून भिंतीवर चांगला उंच बसवलेला. शाळा सुटली की रोज दुपारी लुपे फळ्यापुढं आणि मी पहिल्या बाकावर. लेमालू सर म्हणजे आमचे हेडमास्तर, ते किल्ली देऊन घरी झोपायला जात. पहिले आठ दिवस नुसत्या चार खुणा. मग चित्र मोठं करणं, फिरवणं, बोटानं ओढून इकडून तिकडं नेणं. मीही शिकलो. एक दिवस मी डुक्कर काढलं, छान लठ्ठ. त्याला शेपूट लावायला गेलो, कुठं बोट लागलं देव जाणे, डुक्कर तर गेलंच, तिचा अख्खा धडाही गेला. मी बोट पाठीमागं लपवलं. ती मात्र शांतपणे पुढं आली, एक वाकडा बाण दाबला आणि सगळं परत हजर.

"हे काय केलंस?"

"मागं घ्यायचं बटण आहे, आजोबा. चुकलं की दाबायचं."

मला ते फारच आवडलं. आमच्या गावसभेत बोललेलं मागं घ्यायला पाच डुकरं द्यावी लागतात. माझ्या चुलत्यानं एका वाक्यापायी सात दिली होती, कारण वाक्य लांब होतं.

महिना संपत आला तोवर लुपेचा धडा तयार झाला. विषय सियापो, म्हणजे झाडाची साल कुटून करतात ते आमचं कापड, आणि त्यावरच्या नक्ष्या. टिटवीची पावलं, तारामासा, गोम, नीरफणसाचं पान असे तुकडे फळ्यावर पसरायचे, एकेका पोरानं उठून यायचं, बोटानं तुकडे ओढून स्वतःची नक्षी जुळवायची. मी एकशे बारा नक्ष्या जुळवल्या. मोजल्यात म्हणून सांगतो.

पण धड्यात खरी माणसंही हवीत म्हणून तिनं सोसेफीनाबाईंना बोलावलं.

सोसेफीना माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आसपासच्या चार गावांत सियापोचं काम तिच्याइतकं कुणालाच येत नाही, आणि रागही तिच्याइतका कुणालाच येत नाही. ती बसलेली असताना कुणी वाकल्याशिवाय, "तुलोऊ" म्हणून माफी मागितल्याशिवाय पुढून गेलं, तर ती वर्ष वर्ष त्या घरचं खात नाही. बसलेल्या वडीलधाऱ्या माणसापुढं ताठ उभं राहू नये, हे आमच्याकडं पोरांना चालायच्या आधी शिकवतात. लुपेला हे ठाऊक नव्हतं थोडंच! तिनं आधीच सोय केली होती. फळ्यापासून लांब, एका बाजूला, लेमालू सरांची हातांची खुर्ची, वर उशी.

गुरुवार उजाडला. इओआना मॅडम पहिल्या बोटीनं आल्या. शहरी बाई, चष्मा, छातीशी फाईल. त्या मागच्या खुर्चीवर बसल्या. मी कपाटाजवळच्या बाकावर, नेहमीचा विद्यार्थी म्हणून. लुपेनं चार खुणा लावल्या, रेघ पेनाच्या टोकाशी नीट आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली.

तेवढ्यात सोसेफीना आली. काखेत गुंडाळी, हातात रंगाच्या दोन वाट्या. खुर्चीकडं बघितलं, उशीकडं बघितलं.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, आजी," लुपे म्हणाली.

"मी आजारी आहे का? खुर्चीत बसून कुणी चटई विणतं का? मग सियापो कसं करीन? उजेड कुठं आहे इथं?"

आणि जिथं उजेड होता तिथं, म्हणजे बरोबर फळ्याखाली, तिनं चटई टाकली आणि मांडी ठोकली.

झालं. लुपेच्या हातात पेन, डोक्यावर फळा, आणि दोन्हींच्या मधे जमिनीवर सोसेफीना. फळ्याला हात लावायचा तर तिच्या डोक्यावरून हात न्यायचा. लुपेचे गुडघे आपोआप वाकले आणि ती चटईच्या कडेला खाली बसली.

वर्ग बघत राहिला. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच घसरून खाली बसली, कारण बाकसुद्धा सोसेफीनापेक्षा उंचच. तिच्या शेजारची बसली. रांगेनं सगळा वर्ग पिकल्या फळासारखा टपटप खाली. लेमालू सर दारात उभे होते, ते उंबऱ्यावर बसले. राहिल्या इओआना मॅडम. त्यांनी चष्मा पुसला, इकडं तिकडं बघितलं, स्कर्ट सावरला आणि त्याही खुर्चीवरून उतरल्या. फाईल मांडीवर. मी तर आधीच उतरलो होतो, पण गुडघ्यांनी कटकट केली म्हणून सगळ्यांना कळलं.

आणि वर तो फळा एकटाच झगमगत होता. टिटवीची पावलं, गोम, तारामासा, आणि हात लावायला कुणी नाही.

लेमालू सर उंबऱ्यावरून कुजबुजले, "लुपे! फळा!"

"कशी उठू, सर?" तीही कुजबुजली.

"फॉर्ममध्ये वीस गुण आहेत त्याला!"

"ते आजींना सांगा तुम्ही."

लेमालू सरांनी सोसेफीनाकडं बघितलं आणि ते उंबऱ्यावरच मागं सरकले. इओआना मॅडमनी काहीतरी लिहिलं. शेवटी कुणी हात लावत नाही म्हणून फळा झोपी गेला. काळा ठिक्कर.

मी लुपेकडं बघत होतो. कान लाल, नजर दाराकडं. मला वाटलं, आता उडणार. मासळीबाजार आमच्या गावात नाही, पण समुद्र आहे. मी कपाटावर दोनदा टिचकी मारली.

त्या कपाटात एक वस्तू होती. वाकड्या मानेचा कॅमेरा. त्याच्या खाली काहीही ठेवलं की ते भिंतीवर मोठं दिसतं. पोरं त्याला बगळा म्हणतात. लुपेनं पहिल्या आठवड्यात तो काढून बघितला होता आणि परत ठेवला होता. म्हणाली होती, "हे तर कुणालाही येईल, आजोबा. याला कोण गुण देणार?"

तिनं टिचकी ऐकली. कमरेत वाकून, "तुलोऊ, तुलोऊ" करत पोरांमधून मागं आली. मी बगळा तिच्या हातात दिला. "उडतेस की बसतेस?" विचारलं.

"बसते," म्हणाली.

फळ्याला जोडलेला लॅपटॉप टेबलावरून चटईवर उतरला. वायर भिंतीच्या कडेनं फिरवून आणली. बगळ्याची मान सोसेफीनाच्या हातांवर धरायला गेली तशी म्हातारी गुरगुरली, "माझ्या डोक्यावरून काही न्यायचं नाही हां."

"डोक्यावरून नाही, आजी. तुमच्या समोरून, गुडघ्याइतका."

"चावतो का?"

"नाही. नुसता बघतो."

"मग तुझ्या आजोबासारखाच."

पोरं हसली, आणि फळा उजळला. दाराएवढा मोठा हात. सुरकुत्या, नखांतला काळा रंग, बोटांत केवड्याच्या फळाची वाळलेली फोड, जिचा आम्ही कुंचला करतो. सगळा वर्ग "ओऽऽ" म्हणाला.

"उलटं दिसतंय," लेमालू सर उंबऱ्यावरून म्हणाले. बगळा समोरून बघत होता ना.

"सियापोला वर-खाली कुठं असतं?" सोसेफीना म्हणाली. "चौघीजणी चार बाजूंनी बसून करतो आम्ही. कुणाची बाजू सुलट?"

लुपे तिच्या शेजारी बसून सांगू लागली. सुरुवातीला नजर दाराकडं जात होती, मग दार विसरली. आधी कापडाचे चौकोन कसे पाडायचे, रेघ एका दमात का ओढायची, काजळीचा रंग शेवटी का. पोरं फळ्याकडं बघत, मग हाताकडं, परत फळ्याकडं. इतक्यात सोसेफीनानं स्वतःच मान वर केली. तिचा हात थांबला.

"तो माझा हात?"

"हो, आजी."

"एवढा म्हातारा?" मग डोळे बारीक करून बघितलं. "आणि ती रेघ वाकडी आहे."

तिच्या रेघा तीन-चार वर्षांपासून हलत होत्या, गावात सगळ्यांना माहीत होतं. सांगणार कोण?

"लुपे, रेघ वाकडी आहे का?"

मला वाटलं, पोर आता खोटं बोलेल. मी असतो तर बोललो असतो.

"आहे, आजी," लुपे म्हणाली. "इथून थोडी हलली आहे."

सोसेफीनानं माझ्याकडं बघितलं, जणू रेघ मीच वाकवली. "त्या यंत्रात चूक मागं घ्यायचं बटण असतं म्हणून गावभर सांगत फिरतोस ना? कुठं आहे?"

"ते फळ्याला असतं," मी म्हटलं. "कापडाला नाही."

"मग बटणाचा उपयोग काय!" असं म्हणून तिनं कुंचला बुडवला आणि त्या वाकड्या रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पाय काढत गेली. बघता बघता भिंतीवर दाराएवढी गोम चालू लागली, वळण घेऊन. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लुपे जागची हलली नाही.

मग पोरांना सालीचे तुकडे वाटले. ज्याचं झालं त्यानं ते सरपटत आणून बगळ्याखाली ठेवायचं. एकीचा तारामासा सहा पायांचा निघाला. "एक जास्त झालाय," लुपे म्हणाली, "राहू दे, पाद्रीबाबांच्या डुकरिणीला एक कमी पडलं होतं." घंटा झाली तरी कुणी उठेना.

इओआना मॅडमनी फॉर्म आमच्यासमोरच भरला. "फळा हाताळणे", वीसपैकी शून्य. लुपेचा चेहरा पडला. मॅडम लिहीत राहिल्या. सगळं मिळून त्रेसष्ट. पास व्हायला साठ लागतात.

"शून्य मला द्यावंच लागलं," मॅडम म्हणाल्या. "तू त्याला हातच लावला नाहीस."

"हो, मॅडम."

मग त्या लेमालू सरांकडं वळल्या. पाय अवघडले होते म्हणून चोळत होत्या. "आणि सर, हा फळा इतक्या उंच कुणी बसवलाय? इथं बसून त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचणार?"

पुढच्याच आठवड्यात गावातल्या सुतारानं फळा खाली उतरवला. आता तो जमिनीपासून वीतभर वर आहे, आणि कॉलेज संपवून लुपे तिथंच शिकवते, चटईवर बसून. गुरुवारी सोसेफीना येते, मीही जातो. परवा यंत्रं तपासायला शहरातून एक माणूस आला होता. दारातूनच ओरडला, "अरे, हे चुकीचं कुणी लावलं?" लुपेनं मान वर केली नाही, ती एका पोराची रेघ बघत होती. माणूस तरातरा आत आला, फळ्याखाली सोसेफीना दिसली, आणि हातातली पेटी तशीच पोटाशी धरून तो मुकाट्यानं खाली बसला.