निघाले हो, रिक्षात बसवलंय

सोलापुरात संध्याकाळनंतर असतं काय, असं पुण्याकडचा कुणी नाक मुरडून विचारायला लागला की गुरप्पाला मनातल्या मनात हसू फुटतं. काय नसतं ते विचारा की! स्टेशनाकडं एसी परमिट रूम आहेत, त्यातल्या निम्म्यांचा एसी फक्त पाटीवर आहे. हायवेला ढाबे आहेत, तिथं बाजेवर बसायचं आणि स्टीलच्या ग्लासात काय आहे हे विचारायचं नाही. 'फॅमिली गार्डन' आहेत, तिथं कुंड्या रग्गड आणि फॅमिली एकही नाही. मोठ्या लोकांचा क्लब आहे, गल्लीबोळात देशीची दुकानं आहेत, आणि आता होटगी रोडला लाउंज निघालेत. निळे दिवे, धूर आणि छाती हादरवणारा डीजे.

गुरप्पानं ह्यातलं सगळं पाहिलंय, आणि पाहिलंय ते वेटरच्या बाजूनं. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातनं तो सोलापुरात आला तेव्हा मराठीही धड येत नव्हती. आधी देशीच्या दुकानात ग्लास विसळले, मग क्लबात दोन वर्षं काढली, आणि गेली अठ्ठावीस वर्षं तो 'चंद्रलोक परमिट रूम'मध्ये आहे. आता तिथला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम. गळ्यात बो, बोच्या खाली शर्टाच्या आत लिंगायताचं इष्टलिंग. स्वतः एक थेंब घेतलेला नाही. "हलवाई कुठं पेढे खातो?" असं म्हणून तो विषय संपवतो.

चंद्रलोकचे मालक बापूसाहेब. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून धंद्याचा कायदा सांगितला होता. "हे बघ गुरप्पा, गिऱ्हाईक दारातनं आत आलं की तुझा देव. दारातनं बाहेर गेलं की तू त्याला वळखत न्हाईस. बाजारात दिसू दे, देवळात दिसू दे, मान खाली घालून जायचं. समदं सोलापूर आपल्याकडं येतं ते ह्याच भरवशावर."

गुरप्पानं हा कायदा असा पाळला की बापूसाहेबांनाच कधी कधी नवल वाटावं. गणिताचे सोमशेखर सर रोज साडेसातला कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. दोन पेग, साधं पाणी, शेंगाची चटणी दह्याशिवाय. सकाळी तेच सर मंडईत समोरून आले की दोघंही वांग्यांकडं बघत. उजनीच्या पाण्याकाठी केळी करणारे आबासाहेब दर मंगळवारी येत आणि गुरप्पाच्या खांद्यावर हात टाकून "तू माझा सख्खा भाऊ हाईस" म्हणत. बुधवारी बँकेच्या दारात हाच सख्खा भाऊ त्यांना दिसत नसे. विम्याच्या कचेरीतले दिपकराव तर रस्ता ओलांडून पलीकडं जात. गिऱ्हाइकंही एकमेकांना आत ना बाहेर ओळख देत नसत. गुरप्पाला ह्याचं वाईट वाटायचं नाही. नियम म्हणजे नियम.

एकदा लाउंजवाल्यांनी त्याला जास्त पगारावर फोडला होता. चार दिवसांत परत आला. "बापूसाहेब, तितं उलटंच हाय सगळं. लोकं ग्लास धरून फोटो काढत्यात आणि आपण हितं आलोय म्हणून गावाला सांगत्यात!" त्याला ते काही केल्या पटेना.

कायद्यात त्याची स्वतःची एकच पळवाट होती. पंधरा-वीस वर्षांमागं काउंटरवरचा फोन वाजला. पलीकडं बाईचा आवाज, "सर आहेत का हो तिथं?" गुरप्पा घडाघडा म्हणाला, "न्हाय बाई, असलं कुणी हितं येत न्हाय." फोन ठेवता ठेवता त्याला काही राहवेना. हळूच म्हणाला, "पण नंबर सांगून ठेवा, निघाले की कळवतो." आणि त्यानं कळवलं, "बाई, निघाले हो. रिक्षात बसवलंय." घरी पोचल्यावर बाईंनी दोन रिंगा देऊन फोन कट केला. झालं! एकीला कळलं, तिनं दुसरीला नंबर दिला, आणि रोज असे आठ-दहा फोन जाऊ लागले. नाव कुणाचंच नाही, ना त्याचं ना गिऱ्हाइकाचं. फक्त "निघाले हो" आणि मग त्या दोन रिंगा. सगळ्या रिंगा आल्याशिवाय गुरप्पा बो सोडत नसे. गिऱ्हाइकांना ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

असा हा गुरप्पा सापडला तो पोरीच्या लग्नात. शिवलीलाचं बार्शीला जमलं. व्याही सोमलिंग अण्णा धान्याचे व्यापारी, माणूस भला, पण आवाज मोंढ्यातला. "आमची तीनशे माणसं येतील. तुमची किती?"

गुरप्पा गडबडला. म्हणाला, "दीडशे."

घरी आल्यावर बायकोनं, कमलम्मानं, कपाळावर हात मारला. "दीडशे? माझ्या माहेरची चाळीस आणि तुमच्या गावची दहा. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी ड्युटी, कुणाच्या लग्नाला गेलाव तुमी? आता काय बारमधली आणणार हाय का?"

ती चिडून बोलली होती, पण गुरप्पाच्या डोक्यात ते बसलं. रात्रभर कूस बदलत राहिला. मांडवात पोरीच्या बाजूच्या शंभर खुर्च्या मोकळ्या, आणि बार्शीकर त्यांच्याकडं बघतायत. पोरीनं सासरी काय म्हणून मान वर करायची? आणि खरं सांगायचं तर त्याला आणखी एक टोचत होतं. इतकी वर्षं ज्यांना वाढलं, त्यातला एक तरी दिवसाउजेडी आपल्याला ओळखेल का?

तोंडानं बोलावणं म्हणजे कायदा मोडणं. म्हणून त्यानं शक्कल लढवली. बिल द्यायच्या काळ्या फोल्डरमध्ये, बडीशेपेच्या वाटीशेजारी, बिलाखाली लग्नाची पत्रिका ठेवली. बोलायचं काही नाही. वाचतील, समजतील, यायचं तर येतील.

आता परमिट रूममध्ये बिल कोण वाचतं हो? दोन पेगांनंतर माणूस फोल्डर उघडतो, अंदाजानं नोटा कोंबतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि रुबाबात फोल्डर पुढं सरकवतो. तीन दिवसांत चौऱ्याहत्तर पत्रिका गेल्या आणि चौऱ्याहत्तर परत आल्या. आबासाहेबांच्या पत्रिकेवर तर नवरानवरीच्या नावाच्या मधोमध शंभराची टीप होती.

गुरप्पा बिचारा समजला, नको म्हणतायत. त्यानं पत्रिकांना चिकटलेली बडीशेप झटकली, गठ्ठा काउंटरच्या खणात टाकला आणि म्हणाला, "बरोबरच हाय त्यांचं. कायदा आपलाच." पण त्या रात्री दोन रिंगा मोजताना त्याचं लक्ष नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं अठ्ठावीस वर्षांतली पहिली रजा घेतली.

त्या संध्याकाळी चंद्रलोकमध्ये काय रामायण झालं ते त्याला मागाहून बापूसाहेबांकडून कळलं. बदलीच्या वेटरनं सोमशेखर सरांच्या ग्लासात सोडा ओतला. दिपकरावांना कांद्याचं वावडं, त्यांच्यापुढं कांद्याचं ताट. आबासाहेब नेहमीचा मंगळवार सोडून मुद्दाम आलेले, त्यांच्याकडं तर कुणी फिरकेना. "गुरप्पा कुटं हाय?" अशी सगळ्या टेबलांवरून बोंब उठली.

बापूसाहेब गल्ल्यावरून उठले. "उद्या पोरीच्या अक्षता हायत त्याच्या. पत्रिका दिली की तुमाला!"

"कधी दिली?"

"बिलात! त्याच्यावर पैशे ठेवून परत केली तुमी. शिकलेली माणसं!" असं म्हणून त्यांनी खणातला गठ्ठा टेबलावर आपटला.

सोमशेखर सरांनी चष्मा पुसला, एक पत्रिका उचलली, शेवटपर्यंत वाचली आणि दिपकरावांकडं बघून म्हणाले, "अहो, बारा बत्तीसच्या अक्षता आहेत." चंद्रलोकमध्ये एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याशी बोलायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी बाराला कार्यालयात वराकडची बाजू गच्च भरलेली, आणि पोरीच्या बाजूला कमलम्माचं माहेर तेवढं मधे मधे जागा सोडून, पसरून बसलेलं. गुरप्पा फेटा बांधून दारात उभा. सोमलिंग अण्णा दोनदा येऊन म्हणून गेले, "तुमची माणसं वाटेत आहेत वाटतं?"

सव्वाबाराला पहिली रिक्षा थांबली. मग दुसरी. मग आबासाहेबांची जीप, त्यात केळीचे चार घड. सर, दिपकराव, सगळे इस्त्रीचे कपडे घालून, आणि प्रत्येकाबरोबर बायको! गुरप्पाची मान सवयीनं खाली गेली. सरांनी हात जोडले. "नमस्कार, गुरप्पा." भर दुपारी, रस्त्यावर, नाव घेऊन. गुरप्पानं फेट्यासकट वाकून हात जोडले.

अण्णा खूश झाले. चौकशा करत फिरायला लागले आणि इथं गोंधळ उडाला. दिपकराव म्हणाले, "आमच्या योगासनाच्या वर्गातले गुरप्पा." आबासाहेब म्हणाले, "केळीचा व्यवहार हाय आमचा." तिसऱ्यानं तर त्याला वाचनालयाचा कार्यवाह करून टाकलं. अण्णांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "व्याही, नेमकं काय करता तुम्ही?"

मांडवातले पुरुष जिथल्या तिथं गार. शिवलीला बोहल्याजवळनं बापाकडं बघत होती. 'हॉटेल लाईन' असं त्यानं बार्शीला सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. "अण्णा," तो म्हणाला, "मी..."

सरांच्या बायकोनं गर्रकन मान वळवली. "थांबा! पुन्हा बोला हो."

"काय बोलू, बाई?"

"अगं बाई! हाच तो आवाज!" त्या पुढं आल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "'निघाले हो, रिक्षात बसवलंय.' तुम्हीच ना ते?"

"तरीच!" दिपकरावांची बायको म्हणाली. "आमच्याकडं पण ह्यांचाच फोन. म्हणे योगासनं!" मग एकेक करून सगळ्याच बायका गोळा झाल्या. इतकी वर्षं आपण घरी एकटेच शिताफीनं पोचत होतो अशा समजुतीत राहिलेले पुरुष चपलांकडं बघत उभे राहिले.

सरांच्या बायकोनं अण्णांना सुनावलं, "हे परमिट रूममध्ये कामाला आहेत. आमची माणसं रोज ह्यांनी धड घरी पोचवली. ह्या माणसाची पोर घरात येतेय, नशीबवान आहात तुम्ही." आणि पाच जणींनी मिळून शिवलीलाची ओटी भरली, भरता भरता दोन रिंगांची गोष्टही तिला सांगितली.

अण्णांनी मांडवावरून एक नजर फिरवली. मग मोंढ्यातला आवाज काढून म्हणाले, "अरे, व्याह्यांकडं खुर्च्या कमी पडल्या, आपल्यातल्या द्या!"

चारला पाठवणी झाली. विहीणबाई ओवाळायच्या तयारीला आधीच बार्शीला गेल्या होत्या. शिवलीला गळ्यात पडून रडली, "अप्पा, बीपीची गोळी घ्या" म्हणाली आणि गाडीत बसली. गुरप्पा रडला नाही. त्यानं गाडीचं दार नीट लागलंय का ते ओढून बघितलं, गाडी वळेपर्यंत थांबला आणि विहीणबाईंना फोन लावला.

"बाई, निघाली हो," तो म्हणाला. "गाडीत बसवलंय."

कमलम्मानं जेवायला चार हाका मारल्या. तो फेटा न सोडता, मोकळ्या झालेल्या खुर्च्यांत फोन हातात धरून बसून राहिला. साडेपाचच्या पुढं कधीतरी फोन दोनदा वाजला आणि कट झाला. हे शिवलीलानंच सासूला शिकवलं असणार. मग गुरप्पानं फेटा सोडला आणि पोटभर रडला.