पोटाचं ऐकणाऱ्या सुमनताई

सुमनताई पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारायच्या नाहीत. "सकाळी पोट साफ झालं का गं?" हे विचारायच्या. मी कामावर पहिल्या दिवशी टेंपोत चढले, तेव्हा भरल्या टेंपोत त्यांनी मला हेच विचारलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाहेर बघत नुसतं "हो" म्हटलं.

"खोटं बोलतेस," त्या शांतपणे म्हणाल्या. "तोंड सांगतंय. साडेचारला उठली असशील. घरात संडास एक नि माणसं सहा."

मोजून सहाच होती.

खोपोलीच्या अलीकडे एका कारखान्यात आम्ही औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायचो. नोकरी कंत्राटावरची. सरकत्या पट्ट्यावर बाटल्या येत. एकीनं झाकण तपासायचं, दुसरीनं लेबल, तिसरीनं खोक्यात भरायचं. एक जागची उठली की शेजारणीपुढं ढीग. शिवाय बाथरूमला जायचं तर सुपरवायझरच्या टेबलावरचा लाल पास गळ्यात अडकवायचा आणि सगळ्या शेडच्या देखत चालत जायचं. बारा जणींत पास एक. यावर आम्ही बायकांनी आमच्या अकलेनं उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी सहा ते दुपारी तीन तोंडात थेंब नाही, आणि घरी पोचल्यावर उभ्याउभ्या तांब्याभर घटाघटा. मग गॅस, आंबट ढेकर, चार-चार दिवस पोटात खडा. चूर्णाची डबी टेंपोत सुपारीसारखी फिरायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. थकल्या माणसाला उद्या कसा जाईल एवढंच दिसतं, दहा वर्षांनी काय होईल ते कोण बघतं?

सुमनताई तेवढ्या बघायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चालताना किंचित डावीकडे झुकणाऱ्या. राहायला दहिवलीला. पौर्णिमेला विहारात जायच्या, त्या दिवशी पांढरी साडी. एरवी पिशवीत नाचणीची भाकरी, एखादी पालेभाजी, ताकाची बाटली आणि पाण्याची मोठी बाटली. पावसाळ्यात कर्जतच्या बाजारात डोंगरातल्या आदिवासी ठाकरणी रानभाजी घेऊन बसतात, त्यांच्याकडचा टाकळा सुमनताईंच्या डब्यात हमखास असायचा. तासातासाला दोन घोट पाणी प्यायच्या आणि अकरा वाजले की उठायच्या. पास गळ्यात घालून, मान ताठ ठेवून, घाई न करता जायच्या आणि तशाच यायच्या.

"ताई, तुमाला लाज नाय वाटत?" एकदा कुणीतरी विचारलं.

"पोट काय सायबाला वळखत नाय," त्या म्हणाल्या. "तो थांब म्हनला म्हनून ते थांबंल व्हय?"

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. आम्ही सात मिनिटांत डबा आत लोटून पुठ्ठ्यांवर आडव्या व्हायचो. त्यांचा घास तोंडात घोळतच असायचा. "चावायचं काम दातांचं हाय गं. ते आतड्याला कशाला लावता?" जेवण झालं की शेडला दोन फेऱ्या मारायच्या, उन्हातसुद्धा. झोपलेल्या आमच्या अंगावरून त्यांची सावली दोनदा जायची. मला त्यांचा तेव्हा राग यायचा. दमलेल्या माणसाला शहाणपणाचं वागणारं माणूस बघवत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

हे सगळं त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तरुणपणी त्या वीटभट्टीवर होत्या. आडोसा नव्हता, म्हणून अंधार पडेपर्यंत धरून ठेवायचं. "पंधरा वर्षं धरलं," त्या एकदा टेंपोत माझ्याशी हळूच बोलल्या. "दोन येळा फाडलंय मला डाक्टरनं. हौस नाय गं ही. परत त्या टेबलावर झोपायची ताकद नाय माझ्यात." पहाटे कामाला निघण्याआधी कोमट पाणी पिऊन दहा मिनिटं निवांत बसायला मिळावं म्हणून त्या चारला उठायच्या. सगळ्या घराच्या आधी. "ती धा मिनटं माजी. मग दिवसभर तुमची."

माझी जागा त्यांच्या शेजारची. अकरा वाजता त्या उठल्या की ढीग माझ्यापुढं साचायचा. सात-आठ मिनिटांचाच, पण तो उपसता उपसता मला जेवणाची सुट्टी यायची. एका महिन्यात आमच्या लाईनचं काम कमी भरलं. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. माझ्याजवळ येऊन मऊ आवाजात म्हणाला, "कुठं अडतंय, सांगा ना." पाठ मोडून आली होती. मी म्हटलं, "ताई अकराला जातात, तेव्हा अडतं."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं टोचतं.

महिनाअखेरीला कंत्राटदाराच्या माणसानं टेंपोतच सुमनताईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्या दहिवलीच्या फाट्यावर उतरल्या, पिशवी खांद्यावर नीट केली आणि झुकत झुकत निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता आमच्या लाईनवरचं कुणी उठलं नाही. काम पुरं भरायला लागलं. सुपरवायझरनं आम्हाला चहा पाजला. आम्ही अर्धा अर्धाच प्यायलो.

पुढचं मीच सांगायला हवं. दोन वर्षांनी मला संडासला जायची भीती वाटायला लागली. रक्त दिसायचं. मी ते घरात लपवलं, नवऱ्यापासूनही. भाकरी कमी केली, म्हणजे जायलाच नको. शेवटी कर्जतच्या डॉक्टरबाईंपुढं रडू फुटलं. त्यांनी विचारलं, "दिवसात पाणी किती पिता?" मी म्हटलं, "घरी गेल्यावर पिते." त्यांनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशन झालं. पालथी पडून काढलेले ते दिवस मी कुणाला सांगत नाही. पण पडल्या पडल्या डोळ्यांपुढं एकच बाई यायची.

हिंडता-फिरता यायला लागल्यावर दहिवलीला गेले. सुमनताई दारात बसून भाजी निवडत होत्या. अंगानं उतरल्या होत्या. आता दोन घरची धुणीभांडी करायच्या. मला बघून हसल्या, आत जाऊन पेज घेऊन आल्या. वाटी मी तशीच खाली ठेवली. मी म्हटलं, "ताई, त्या महिन्यात सुपरवायझरला मी सांगितलं होतं."

"म्हाईत हाय," त्या भाजीवरची नजर न उचलता म्हणाल्या. "त्यानंच सांगितलं मला."

"मग तुम्ही मला शिव्या का नाही घातल्या?"

"शिव्या घालून काय व्हनार? पाठ दुखत व्हती तुजी, दिसत व्हतं मला." मग त्या देठं मोडत राहिल्या. "नोकरी गेली त्याचं नाय गं. मला वाटलं व्हतं, मी गेल्यावर तरी एखादी पानी पियाला लागंल. तुजं दुखनं टेंपोतल्या बायांकडनं ऐकलं, तवा समजलं, कोनीच नाय प्यालं. मग मी येवढी धा वर्षं तो पास गळ्यात घालून फिरले कशाला?"

  "पेज निवतीय, पी सावकाश," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. मला चार दिवसांनी कळलं.

मी अजून त्याच लाईनवर आहे. पाणी पिते. अकरा वाजले की पास गळ्यात घालून जाते, लाज वाटते तरी जाते. परत येते तेव्हा शेजारच्या पोरीपुढं ढीग साचलेला असतो आणि तिचं तोंड वाकडं झालेलं असतं. मी तिचा ढीग आधी उपसते, मग माझा. आणि रोज तिला म्हणते, "आता तू जाऊन ये गं, मी बघते तुझं." ती मान हलवते, बाटल्या भरत राहते. अजून एकदाही उठलेली नाही.